पाच मार्कांचं पत्र

गिरी सर पत्र तपासायला टेबलाशी बसत नसत. आपली लोखंडी खुर्ची उचलून ते वर्गाच्या मागच्या भिंतीशी नेऊन ठेवायचे, तिच्यावर ऐसपैस बसायचे आणि सांगायचे, "हं. आता मी सर न्हाई. आता मी दुकानदार. नांदेडात माझं खेळाच्या सामानाचं दुकान हाय. सकाळचं टपाल आलं. आना."

मग कुणीतरी लेकरू घाबरत घाबरत आपली वही नेऊन द्यायचं. सर कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे आणि दुकानदाराच्या आवाजात वाचायचे. "रिस्पेक्टेड सर. बराबर. आय वॉन्ट टु ऑर्डर व्हॉलीबॉल. बराबर. लई आनंद झाला. आता किती पायजेत ते सांग की! एक पाठवू का पोतंभर? आन् कुठं पाठवू? गावाचं नाव न्हाई, शाळेचं नाव न्हाई. दुकानात गिऱ्हाइकं उभे हायेत, मला तुझं गाव हुडकत बसायला टाइम हाय का?" एवढं बोलून ते वही शेजारच्या कचऱ्याच्या टोपलीत सोडून द्यायचे. ज्याची वही त्यानं ती काढायची, झटकायची, पत्र दुरुस्त करायचं आणि परत टपालात टाकायचं. टोपलीत जाऊन आलेलं पत्र शेवटी नीट उतरलं की सर एकच शब्द बोलायचे. "पोचलं." गुड नाही, शाबास नाही. पोचलंच्या वर त्यांच्या हातून कुणाला काही मिळाल्याचं मला माहीत नाही.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे. दोन वर्गांमधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेलीच नव्हती, अर्ध्यावर थांबली होती. त्यामुळं सरांचा तास मला रोज फुकट ऐकायला मिळायचा. माझी पोरं समीकरण सोडवता सोडवता मधेच हसायची, आणि मी त्यांना रागवायच्या आत मलाच हसू यायचं. सर कधी दुकानदार व्हायचे, कधी पाणीपुरवठ्याचे साहेब, कधी मुंबईतला न पाहिलेला मित्र, कधी हॉस्टेलला राहणाऱ्या पोराचा बाप. साहेब झाले की जांभया द्यायचे. "साहेबाला कंटाळा आलेला असतो," ते पोरांना सांगायचे, "तुमचं पत्र त्यानं पहिल्या दोन ओळींत सोडून द्यायचं ठरवलेलं असतं. त्याला तिसऱ्या ओळीपर्यंत वढून न्या."

आमची शाळा कळमनुरीहून वारंगा फाट्याकडं जाताना डांबरी रस्ता सोडून आत. संस्थेची, आठवी ते दहावी. पोरं आसपासच्या गावांची आणि माळावरच्या वाड्यांची. कुणाच्या घरी थोडी शेती, कुणाच्या घरी शेळ्या-मेंढ्या. इंग्रजी म्हणजे त्यांच्यासाठी दहावीच्या दारात बसलेलं कुत्रं. ते चुकवून आत जायचं एवढंच. पेपरात पत्राला पाच मार्क आणि पत्रकाला पाच, हे पक्के मार्क आहेत, साचा पाठ केला की मिळतात, हे प्रत्येक शिक्षक सांगतो. गिरी सरही सांगायचे, पण सांगताना त्यांचं तोंड कडू व्हायचं.

"सर, आता पत्र कोन लिवतंय?" एका पोरानं एकदा विचारलं होतं. "फोन लावावं की."

"त्यानं उचलला न्हाई तर?"

"परत लावावं."

"त्यानं तुझा नंबर बंद करून ठेवला तर?"

सर म्हणाले, "ज्याचा फोन कुनी उचलत न्हाई, त्यानं पत्र लिवावं. आपुन समदे त्याच्यातले हाव, बाबा."

परीक्षेचा एक नियम त्यांना फार झोंबायचा. उत्तरपत्रिकेत आपलं खरं नावगाव लिहायचं नसतं. पत्राखाली सही म्हणून एक्सवायझेड, पत्त्यात एबीसी नगर असलं काहीतरी लिहायचं. पोरगं ओळखू येऊ नये म्हणून केलेला नियम, त्यात गैर काही नाही. पण सर स्टाफरूममध्ये चहा निवेपर्यंत त्याच्यावर बोलत राहायचे. "वर्षभर मी सांगतो, बाई, खाली आपलं नाव लिवा, गाव लिवा. नाव नसलं तर ते पत्र न्हाई, नुसती बोंब हाय. आन् परीक्षा आली की मीच सांगायचं, नाव खोडा." हे सांगायचं ते अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवायचे. एखाद्या वर्षी एखादं पोरगं विसरून खरं नाव लिहून यायचं, मग हेडसर त्यांच्यावर उखडायचे. सर मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तेच करायचे.

एक तास मला विसरता येत नाही. मित्राचे आजोबा वारले आहेत, त्याला सांत्वनाचं पत्र लिहा, असा प्रश्न होता. आमच्या पोरांच्या गाइडांमध्ये घरगुती पत्राची सुरुवात ठरलेली असते, आय अ‍ॅम व्हेरी हॅपी टु नो. एका पोरानं तीच उचलली आणि लिहिलं, तुझे आजोबा वारल्याचं कळून मला फार आनंद झाला. भिंतीपलीकडून सरांनी ते मोठ्यानं वाचलेलं ऐकलं आणि मी खडू तोंडाशी धरून हसू दाबलं. वर्ग तर फुटलाच. सर मात्र हसले नव्हते. ते त्या वेळी मित्र झाले होते. हळू आवाजात म्हणाले, "परवा माझा आजा गेला. मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. आज तुझं पत्र आलं. तुला आनंद झाला म्हनतोस."

हसणं एकदम थांबलं. ते पोरगं रडकुंडीला येऊन म्हणालं, "सर, म्या तसं न्हाई म्हनलो."

"मंग काय म्हनलास?"

मग ते म्हणालं, "मला इंग्रजीत वाईट वाटता येत न्हाई, सर."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर फळ्याशी गेले असावेत, कारण खडू करकरला. "मलाबी लई उशिरा आलं," ते म्हणाले. "लिवून घ्या." त्या दिवशी त्यांनी घंटा झाल्यावरही वर्ग सोडला नाही. वाईट वाटण्याची, राग येण्याची, भीती वाटण्याची, आठवण येण्याची वाक्यं ते एकामागं एक लिहून देत राहिले. आनंदाचं एकही नाही.

कोमल त्याच सुमारास नववीत होती. माळावरच्या वाडीची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली पोर. तिचं अक्षर ठळक आणि गोल होतं, आणि ती पत्रं छोटी लिहायची. सर तिच्यावर कधीकधी चिडायचे, कारण तिचं पत्र टोपलीत टाकायला काही सापडायचंच नाही. त्या वर्षी बालविवाहाविरुद्ध पत्रक तयार करा, असा सरावाचा प्रश्न होता. कोमलनं वर मथळा लिहिला, लेट हर लर्न फर्स्ट. खाली चारच ओळी. सरांना ते पत्रक इतकं भावलं की त्यांनी त्याच्या प्रती काढल्या आणि मुलींना घेऊन कळमनुरीच्या आठवडी बाजारात वाटायला गेले. पत्रक वहीत राहिलं तर ते पत्रक कसलं, असं त्यांचं म्हणणं. मीही बरोबर होते. मुली गणवेशात, हातात पत्रकं, भाजीच्या ओळींतून फिरत होत्या. लोक मोठ्या आदरानं घेत होते. घडी करून खिशात ठेवत होते. सर खूश दिसत होते. ते खूश झाले की एका हातानं दुसऱ्या हाताच्या कोपराला खाजवायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेत एक गृहस्थ आले. खिशातून तेच पत्रक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ह्या शाळेत पोराचं नाव घालायचं हाय," ते म्हणाले. "तुमच्या पोरी एवढं फर्मास इंग्रजी लिवतात म्हंजी शिक्षन चांगलं असंल."

सरांनी त्यांना बसायला सांगितलं. म्हणाले, "पोराचं घाला की. पोरगी हाय का घरात?"

"हाय. आठवीत व्हती. तिचं औंदा उरकून टाकू राहिलो."

सरांनी पत्रकावर बोट ठेवून विचारलं, "हे वाचलं का तुमी?"

"मला इंग्रजी कुठं येतंय, सर?" तो माणूस मनमोकळं हसला.

त्याच्यात काही खोट नव्हती. सरांनी त्याला चहा पाजला, मराठीतून सगळं समजावून सांगितलं, त्यानं मान डोलावली, पोराच्या प्रवेशाचं विचारलं आणि गेला. त्याच्या पोरीचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. सर मला एवढंच म्हणाले, "बाई, बाजारभर जाहिरात केली आपुन. क्लासची."

तरी ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षी, कोमलची बॅच दहावीत आली तेव्हा, एक खरं पत्र लिहायची वेळ आपणहून चालून आली. वाडीच्या मुलींना आणायला संस्थेची एक जीप होती. ती त्या जूनमध्ये बंद झाली. संस्थेनं कळमनुरीच्या बाजूला नवी इंग्रजी माध्यमाची शाळा काढली होती, जीप तिकडं लावली. वाडीपासून शाळेपर्यंत पायवाट. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला उसाचे फड, मध्ये वस्ती नाही. मुली घोळक्यानं यायच्या, पण एखादी मागं राहिली की एकटी पडायची. फाट्यावरची रिकामटेकडी पोरं मोटारसायकली घेऊन त्या वाटेवर फिरायला लागल्याचं आमच्या कानावर होतं.

सरांनी वर्गाला प्रश्न घातला. संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहा, मुलींसाठी गाडी पुन्हा सुरू करावी अशी विनंती करा. या वेळी ते खुर्ची घेऊन मागं बसले तेव्हा अध्यक्ष झाले होते, आणि असे कडक अध्यक्ष झाले की निम्म्या वर्गाची पत्रं टोपलीत गेली. शेवटी कोमलचं उरलं. त्यात तिनं वाट सांगितली होती, ओढा सांगितला होता, आणि शेवटी लिहिलं होतं की आम्ही चालायला घाबरत नाही, पण आमचे आईवडील आम्ही घरी येईपर्यंत दारात उभे राहतात आणि ते आता थकले आहेत. सर तिसऱ्या ओळीच्या कितीतरी पुढं गेले. "पोचलं," ते म्हणाले. मुलींनी खाली आपापली खरी नावं लिहिली, वाडीचं नाव लिहिलं, आणि पत्र अध्यक्षांकडं गेलं.

पावसाळा सरला, उत्तर नाही. दिवाळीनंतर शाळेचं स्नेहसंमेलन होतं. अध्यक्ष आले. भाषणाच्या मध्येच त्यांनी झब्ब्याच्या खिशातून तो कागद काढला. सर ताठ बसले.

अध्यक्ष माइकवर म्हणाले, "खेड्यातल्या आपल्या लेकी कसं इंग्रजी लिहितात ते ऐका." आणि त्यांनी कोमलचं पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या नावापर्यंत वाचून दाखवलं. उच्चार चांगले होते त्यांचे. मांडवातल्या आया-बापांना एक शब्द कळला नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाडीची माणसंही वाजवत होती. कोमलला व्यासपीठावर बोलावून तिला एक पेन आणि चषक दिला. गिरी सरांचं नाव घेऊन अध्यक्षांनी त्यांचं कौतुक केलं. जीपबद्दल ते बोलले नाहीत. त्यांनी ते मुद्दाम टाळलं असंही मला वाटलं नाही. त्यांना तो खरोखरच इंग्रजीचा नमुना वाटला होता.

कोमल खाली उतरली आणि सरांच्या जवळ येऊन थांबली. "सर, गाडी कधी येनार?" तिनं विचारलं.

ती गेल्यावर सर माझ्याकडं वळून म्हणाले, "पत्राला मार्क आले, बाई. उत्तर न्हाई आलं."

हिवाळ्यात कोमल यायची थांबली. बाकीच्या मुलींनी सांगितलं, तिची सोयरीक जमली. सर आणि मी वाडीवर गेलो. तिचे वडील मेंढ्यांना पाला टाकत होते. आम्हाला घोंगडी अंथरून बसवलं, पाणी दिलं. सरांनी कायदा सांगितला, वय सांगितलं, तिची हुशारी सांगितली. वडील सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, तुमचं समदं बराबर हाय. पन गाडी बंद झाली. परवा ते मोटारसायकलवाले हिच्या मागं उसापर्यंत आले. मी मेंढ्यामागं असतो, हिची माय रोजानं जाती. काही इपरीत झालं तर हिला कोन करून घेईल? तुमीच सांगा, म्या काय करू?"

सर म्हणाले, "मी रोज येतो. मी घेऊन जातो, मी आनून सोडतो."

"किती दिवस यानार तुमी?" ते चिडले नव्हते, विचारत होते. "पाव्हन्यायनं कबूल केलंय, सर, परीक्षेला बसू देतो म्हनलेत. मी तेवढं बोलून घेतलंय."

कोमल आतल्या बाजूला चुलीशी बसली होती. आम्ही निघालो तरी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तालुक्याला तक्रार लिहिली. मी त्यांना म्हटलं होतं की नुसता फोन करा, नाव न सांगता करता येतो, नाव गुप्त ठेवतात. त्यांनी ऐकलं नाही. "आयुष्यभर लेकरायला सांगितलं, खाली नाव लिवा," ते म्हणाले. "आता मी एक्सवायझेड होऊ?" त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, सही केली.

या एका पत्राला मात्र उत्तर आलं, आणि लगेच आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाडीवर तालुक्याची माणसं आली, पोलीस आले. मांडव उतरवायला लावला. वडिलांकडून लिहून घेतलं. तक्रार कुणाची हे संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांना माहीत झालं होतं. सर शाळेत आले तेव्हा त्यांचा हात कोपराकडं गेला. कित्येक महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं. "पोचलं, बाई," ते म्हणाले.

मग वाडीच्या मुली यायच्या बंद झाल्या. एकजात सगळ्या. ज्या शाळेतला मास्तर पोलीस घेऊन येतो तिथं पोरी पाठवायच्या नाहीत, असं वाडीनं ठरवलं. सर पुन्हा तिकडं गेले, पण त्यांना कुणी घोंगडी टाकली नाही. माणसं घरात असून बाहेर आली नाहीत. थोड्याच दिवसांनी कळलं की कोमलचं लग्न झालं. सिद्धेश्वरच्या धरणाकडं तिच्या मामाचं गाव, तिथं नेऊन गुपचूप लावून दिलं.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा ती एकदा शाळेत आली. दाखला न्यायला. बरोबर वडील होते, ते फाटकाबाहेरच थांबले. हिरव्या बांगड्या, अंगावर नवं लुगडं, ते तिला नीट सांभाळता येत नव्हतं. ऑफिसातलं काम होईपर्यंत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. सर उठून तिच्यापाशी गेले.

"परीक्षेला बस, कोमल," ते म्हणाले. "हॉल तिकीट आलंय तुझं. मी बोलतो तुझ्या घरच्यायशी."

ती म्हणाली, "पयल्या पाव्हन्यायनं बसू देतो म्हनलं व्हतं, सर. पोलीस आले म्हनून त्यायनं सोयरीक मोडली. हे दुसरे हायेत. हे न्हाई म्हनतात. हे दाखलाच आना म्हनले."

"तुमी पत्र पाठवलं ना सर," ती पुढं म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, वर्गात प्रश्न विचारावा तशी, "तवा मला इचारलं का?"

आतून शिपायानं हाक मारली. ती दाखला घेऊन गेली. फाटकापाशी वडिलांनी आमच्याकडं बघून हात जोडले, तेही सवयीनं असावं. सर दारात तसेच उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत, तासाला गेले. मी भिंतीच्या अलीकडं कान लावून होते. पलीकडून त्यांचा आवाज आला. ते पोरांना साचा लिहून देत होते. फ्रॉम, स्वल्पविराम. एक्सवायझेड, स्वल्पविराम. एबीसी नगर, पूर्णविराम.

सर चुकले असं मी आजही म्हणणार नाही. दुसरा रस्ता मला तेव्हा दिसला नव्हता आणि आता इतक्या वर्षांनीही सापडत नाही. कायद्यानं जे करायचं ते त्यांनी केलं. वडिलांनी बापानं करायचं ते केलं. पोर तेवढी मधल्या मध्ये गेली. या गोष्टीत दुष्ट असं कुणी मला सापडलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर खुर्ची टेबलाशीच राहिली. मी एकदा विचारलं, "सर, मागं बसत नाही आता?"

"कंबर धरली, बाई," ते म्हणाले.

पत्रं तेच तपासायचे, पण आता स्वल्पविराम जागेवर आहे का, तारीख उजवीकडं आहे का, एवढंच. पोरांना साचे पाठ करायला लावायचे. कोरसमध्ये म्हणून घ्यायचे, पाढ्यांसारखे. आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड. सगळा वर्ग एका सुरात ऑब्लाइज्ड व्हायचा. माझ्या वर्गातली पोरं आता हसत नसत, त्यांनाही ते पाठ झालं होतं. एकदा आठवीतून नुकत्याच वर आलेल्या एका मुलीनं विचारलेलं मी ऐकलं, "सर, पन हे पत्र कुनाला लिवलंय?"

"पेपर तपासनाऱ्याला," सर म्हणाले. "पुढं लिव."

आणि निकाल चढला. इतकी वर्षं इंग्रजीत गटांगळ्या खाणारी आमची शाळा तालुक्यात वर आली. पोरं पास व्हायला लागली. काही जण त्या जोरावर पुढं शिकले, नोकरीला लागले, हेही खरं आहे. अध्यक्षांनी शाळेत येऊन सरांना शाल घातली. "गिरी सर, आता तुम्हाला सूर सापडला," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. सरांनी वाकून नमस्कार केला. स्टाफरूममध्ये आल्यावर शालीची व्यवस्थित घडी घातली आणि हेडसरांना विचारलं, "आज शेवटचा तास घ्यायचा का सोडून द्यायची शाळा?" त्यांना खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

निवृत्तीच्या समारंभात ते दोनच वाक्यं बोलले. आभार मानले आणि पोरांना पास व्हा म्हणाले. नंतर ते औंढ्याच्या बाजूला आपल्या गावी राहायला गेले. आमच्यापैकी कुणी फोन केला तर उचलायचे, बोलायचे, प्रकृतीचं सांगायचे, शाळेचं विचारायचे नाहीत.

मागल्या साली नात्यातल्या एका कार्याला मी त्यांच्या गावी गेले होते. परत निघायच्या आधी बायका म्हणाल्या, महादेवाला जाऊन येऊ. देऊळ लहान, दगडी, उंबऱ्याशी वाकून आत जावं लागायचं. गाभाऱ्याच्या तोंडाशी बायकांची रांग लागलेली आणि एक म्हातारा पुजारी खाली मान घालून प्रत्येकीच्या हातावर तीर्थ देत बसलेला. अंगावर सोवळं, दाढीचे खुंट पांढरे. मी अगदी जवळ गेल्यावर मला कळलं, हे सर. गावच्या महादेवाची पूजा त्यांच्या घराण्याकडं होती, आणि भाऊ गेल्यावर ती यांच्याकडं आली होती, हे मला नंतर नातेवाइकांनी सांगितलं. शाळेत इतकी वर्षं शेजारी काढली, पण ते याबद्दल कधी बोलले नव्हते.

ते कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हते. हात पुढं आला की पळी कलंडत होती. पुढच्या बाईनं काहीतरी सांगितलं, पोराला मूल होत नाही असं काहीसं. तिचं ऐकून घेताना त्यांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही. "बरं," म्हणाले, आणि पळी पुढच्या हातावर नेली.

पुढचा हात माझा होता. मी म्हटलं, "सर."

त्यांनी वर बघितलं. ओळखलं, यात मला शंका नाही. काहीतरी बोलतील म्हणून मी वाकून थांबले. तीर्थ माझ्या बोटांमधून गळून पायावर पडत होतं. गाभाऱ्यात धूर कोंडला होता आणि मागून कुणीतरी पाठीला रेटा देत होतं.

"पुढं सरका, बाई," सर म्हणाले. "मागं बाया थांबल्यात."

मी पुढं सरकले.